देहावांचून निरोप

घरांत मृत्यु घडला म्हणजे पहिल्या घटकेला माणसें रडतात आणि दुसऱ्या घटकेला कामाला लागतात. कोणी तुळशीपत्र व गंगेची लोटी शोधण्यासाठीं देवघराकडे धांवतो. कोणी बांबू, सुतळी, मडकें, गोवऱ्या आणावयास बाहेर पडतो. लांबच्या नातेवाइकांना निरोप कोणी द्यावयाचा, मुलांना शेजारीं कोणी न्यावयाचें, भटजींना कोणी बोलवावयाचें, हें सारें कोणी न ठरवितां ठरून जातें. रात्रीं शेजारच्या घरून पिठलेंभात येतो. या धांवपळीला बाहेरचा मनुष्य निव्वळ उपचार म्हणतो, आणि सुधारकांनीं त्यांतील अवडंबरावर वेळोवेळीं जे कोरडे ओढले त्यांतले पुष्कळसे योग्यच होते. तथापि ज्या घराला ही धांवपळ करावयास मिळालीच नाहीं त्याची अवस्था पाहिली म्हणजे या उपचारांत उपचाराहून कांहीं अधिक होतें असें ध्यानांत येतें. तेथें रडणें असतें, पण रडण्यानंतरची ती दुसरी घटका येतच नाहीं.

मनुष्य समुद्रावर जातो व परत येत नाहीं; लढाईवर जातो आणि त्याच्या ऐवजीं एक कागद येतो; यात्रेच्या गर्दींत, पुरांत, दरडीखालीं नाहींसा होतो; किंवा घरापासून दोन मैलांवरच्या रुग्णालयांत मरतो आणि साथीच्या भीतीमुळें त्याचें तोंडहि पाहावयास मिळत नाहीं. अशा वेळीं मागें राहिलेल्यांनीं शोक करावा तरी कसा, हा प्रश्न नवा नाहीं. आपल्याकडील धर्मशास्त्रकारांपुढें तो फार पूर्वींच उभा राहिला होता. त्यांनीं दिलेलें उत्तर विधि म्हणून कोणाला मान्य असो वा नसो, मनुष्यस्वभावाची साक्ष म्हणून तें वाचण्याजोगें आहे.

प्रथम एक गोष्ट लक्षांत घ्यावी. नेहमींच्या अंत्यविधींतसुद्धां देह असतो तो फक्त पहिल्या दिवशीं. चिता पेटल्यावर कर्ता पाण्याचें मडकें खांद्यावर घेऊन प्रदक्षिणा घालतो, एका लहान दगडानें त्या मडक्याला भोंक पाडतात, आणि शेवटीं मडकें मागच्या मागें टाकून फोडतात. तो दगड मात्र जपून ठेवितात. शास्त्रांत त्याला अश्मा म्हणतात. घरगुती भाषेंत जीवखडा. पुढचे दहा दिवस तिलांजलि द्यावयाची ती त्या खड्यावर, पिंड द्यावयाचा तो त्या खड्यापुढें. गरुडपुराणाची कल्पना अशी कीं, या दहा पिंडांनीं मृताला नवा देह अवयवशः प्राप्त होतो. पहिल्या पिंडानें मस्तक, आणि मग क्रमाक्रमानें बाकीचे अवयव. दहाव्या दिवशीं कावळा पिंडाला शिवला नाहीं तर माणसें वाट पाहतात, मृताच्या मनांत काय राहिलें असावें याचा तर्क करितात, मुलाबाळांना सांभाळण्याचीं वचनें देतात. आणि तरीहि कावळा आला नाहीं तर दर्भाचा कावळा करून त्याचा स्पर्श पिंडाला करवितात. देहाच्या ऐवजीं खडा, अवयवांच्या ऐवजीं भात, कावळ्याच्या ऐवजीं गवत! जो नाहीं त्याच्याशीं व्यवहार करण्याची रीत ज्या समाजानें इतक्या बारकाईनें बसविली, त्याला देहच हातीं लागला नाहीं तर काय करावें हें ठरविणें फारसें अवघड गेलें नाहीं.

देह किंवा अस्थि यांपैकीं कांहींच मिळालें नाहीं तर पळसाचा मनुष्य करावा असें सांगितलें आहे. काळविटाचें कातडें अंथरून त्यावर पळसाच्या पानांचे ३६० देंठ मांडावयाचे. मस्तकाला इतके, गळ्याला इतके, छातीला इतके, पायांना इतके, अशी वांटणी ठरलेली. चरकसंहितेंत मनुष्यशरीरांतील अस्थींची संख्या ३६० च दिलेली आहे, हें येथें आठवावें. मस्तकाच्या जागीं नारळ, सर्वांगाला लोंकरीच्या धाग्याचें वेष्टन, वरून जवाच्या पिठाचा लेप, आणि मग त्या आकृतीला अग्नि. याला पालाशविधि म्हणतात. काशीच्या कमलाकरभट्टाचा १६१२ चा ‘निर्णयसिंधु’ आणि पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा १७९० चा ‘धर्मसिंधु’ हे महाराष्ट्रांतील याज्ञिकांचे नित्याचे आधारग्रंथ. त्यांच्या परंपरेंत हा विधि चालत आला, आणि महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनीं धर्मशास्त्राच्या इतिहासांत त्याचा साधार परामर्श घेतला आहे. ३६० देंठ मोजून मांडावयाचे म्हणजे वेळ लागतो. शास्त्रकारांचा हेतु काय असेल तो असो; ज्यांच्या हातांना कामच उरलें नव्हतें, त्यांना तें या मोजणींत मिळतें.

परंतु खरी अडचण देहाची नव्हतीच. ती निश्चयाची होती. परदेशीं गेलेल्याची वार्ता नाहीं, म्हणून तो मेला असें केव्हां समजावें? सामान्यतः बारा वर्षें वाट पाहावी असें वचन आहे. जाणारा तरुण असेल तर पंधरा किंवा वीस वर्षें, असेंहि कांहींचें मत आहे. तरुणाच्या परत येण्याची आशा अधिक, हें त्यामागील साधें व्यवहारज्ञान. आणि इतकें करूनहि तो जिवंत परतला तर? शास्त्रकार गोंधळले नाहींत. त्याला तुपाच्या रांजणांत बसवून बाहेर काढावें, स्नान घालावें, त्याचे जातकर्मापासूनचे सर्व संस्कार पुन्हां करावेत, आणि त्यानें आपल्याच बायकोशीं पुन्हां लग्न लावावें! ऐकणाऱ्याला हंसूं येईल. पण या नियमांत एक मोठें सत्य दडलेलें आहे. समाजानें ज्याला एकदां निरोप दिला तो सहज दार उघडून आंत येऊं शकत नाहीं. त्याला जन्मापासून सुरुवात करावी लागते.

निश्चय झाला नाहीं म्हणजे काय होतें, याचें महाराष्ट्राच्या इतिहासांतील सर्वांत ठळक उदाहरण सदाशिवरावभाऊंच्या पत्नीचें, पार्वतीबाईंचें. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर त्या स्वतः लष्कराबरोबर होत्या. लढाई फिरली तेव्हां विश्वासू माणसांनीं त्यांना गर्दींतून बाहेर काढिलें आणि त्या दक्षिणेंत परतल्या. भाऊ परतले नाहींत. विश्वासराव व भाऊ यांच्या देहांचें दहन झाल्याची हकीकत काशीराज पंडितानें फारसींत लिहून ठेविली आहे. परंतु भाऊंच्या देहाची ओळख खुणांवरून पटवावी लागली होती, आणि रणांगणावरील ती ओळख पुण्याच्या वाड्यापर्यंत निःशंकपणें पोंचली नाहीं. पार्वतीबाईंनीं वैधव्य पत्करलें नाहीं. पुढें वीस वर्षांहून अधिक काळ त्या सौभाग्यचिन्हें धारण करून राहिल्या व १७८३ सालीं वारल्या. या शंकेवरच तोतयाचें बंड उभें राहिलें. सुखनिधान नांवाचा एक कनोजी ब्राह्मण स्वतःस भाऊ म्हणवीत पुढें आला, कैदेंत पडला, १७७६ सालीं सुटून त्यानें कोंकणांत मोठी फौज जमविली, आणि त्याच वर्षीं पकडला जाऊन देहांत शासन पावला. राज्यकर्त्यांनीं तोतयाचा निकाल लावला. पण ज्या शंकेंतून तो निपजला तिचा निकाल लावणें त्यांच्या हातीं नव्हतें.

पार्वतीबाईंना भ्रमिष्ट ठरविणारे कांहीं लेखक आहेत. तें अन्यायाचें आहे. निश्चय मान्य करणें म्हणजे त्या काळीं काय मान्य करणें होतें याचा विचार आधीं करावा. पुरुषाच्या मृत्यूचा दिवस ठरला कीं स्त्रीचें कुंकू, केस, वस्त्र, पंगतीतील जागा, सारें त्या दिवसापासून ठरे. संशयाचा फायदा आरोपीला मिळतो; तो एखाद्या बाईनें स्वतःला घेतला तर तिला वेड लागलें म्हणावयाचें कारण नाहीं. अमेरिकेंत १९७० च्या दशकांत पॉलीन बॉस या विदुषीनें व्हिएतनामच्या युद्धांत बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांचा अभ्यास केला, आणि अशा दुःखाला एक निराळें नांव दिलें. आपण त्याला संदिग्ध वियोग म्हणूं. तिचें म्हणणें असें कीं, येथें दोष शोक करणाराच्या मनांत नसून परिस्थितींत असतो. मनुष्य आहेहि आणि नाहींहि, म्हणून शोक सुरूहि होत नाहीं व संपतहि नाहीं. पराशरस्मृतीच्या कर्त्याला हा भेद ठाऊक असावा. स्त्रीच्या पांच आपत्ति त्यानें गणिल्या त्यांत पति ‘नष्ट’ होणें आणि पति मृत होणें या दोन निरनिराळ्या मोजल्या आहेत. ईश्वरचंद्र विद्यासागरांनीं पुनर्विवाहाच्या वादांत याच वचनाचा आधार घेतला, म्हणून त्याची चर्चा विधवेपुरतीच झाली. नष्टाच्या बायकोकडे फारसें कोणी पाहिलें नाहीं.

कायद्यानेंहि या प्रश्नाला हात घातला. ज्याच्याविषयीं सात वर्षें कांहीं ऐकूं आलें नाहीं तो मेला असें धरावें, हें तत्त्व १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत होतें, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागीं आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमांतहि तें कायम आहे. बारांचीं सात वर्षें झालीं, एवढीच प्रगति! पण न्यायालयांनीं त्याचा अर्थ लाविला आहे तो मार्मिक आहे. मनुष्य मेला इतकेंच कायदा गृहीत धरतो; तो केव्हां मेला हें गृहीत धरीत नाहीं. वारसाला घर मिळतें. तिथि मिळत नाहीं.

आणि शोकाला तिथि लागते. धर्मशास्त्राचें खरें कौशल्य पळसाच्या आकृतीपेक्षां येथें दिसतें. आईबापांच्या मृत्यूची वार्ता उशिरां कळली तर पुत्रानें ऐकल्या दिवसापासून पुरे दहा दिवस आशौच धरावें. म्हणजे दिवस मोजावयाचे ते मृत्यूपासून नव्हेत, कळल्यापासून. महिना माहीत पण तिथि माहीत नाहीं, तर त्या महिन्याच्या अमावास्येला श्राद्ध करावें. कांहींच माहीत नसेल तर मनुष्य घरांतून निघाला तो दिवस धरावा, किंवा बातमी कानीं आली तो. घरांतून निघाला तो दिवस! ज्या आईनें मुलाला उंबऱ्यापर्यंत पोंचविलें तिच्या लेखीं खरी तिथि तीच असणार, हें जाणणाऱ्या कोणीतरी तो नियम केला असला पाहिजे.

मृत्यु निश्चित, पण देह नाहीं, अशी दशा कोंकणच्या किनाऱ्याला चांगली परिचयाची आहे. १७ जुलै १९४७ रोजीं सकाळीं ‘रामदास’ बोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. दिव्यांची अवस तोंडावर आली होती, घरीं जाणाऱ्यांची गर्दी होती. वादळी समुद्रांत, काश्याच्या खडकाजवळ, ती बुडाली व सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. पोहणारे थोडे किनाऱ्याला लागले. कांहीं प्रेतें नंतर लागलीं. पुष्कळ लागलींच नाहींत. त्या पावसाळ्यांत अलीबागेकडील गांवांतून ज्यांनीं पिंड दिले त्यांतील कित्येकांपुढें राखसुद्धां नव्हती. किनाऱ्यावरच्या दुसऱ्या समाजाचीहि सोय येथें सांगावी. दूर देशीं मेलेल्यासाठीं त्याच्या प्रेताच्या अनुपस्थितींत जनाज्याची नमाज पढावी कीं नाहीं, यावर मुसलमानी धर्मपंडितांत मतभेद आहे. हनफी पंथ ती मानीत नाहीं, शाफई मानतो. अबिसीनियाचा राजा वारल्याचें कळतांच पैगंबरांनीं मदिनेंत त्याच्यासाठीं नमाज पढली, हा त्याला आधार. कोंकणी मुसलमान हे शाफई आहेत. पिढ्यान् पिढ्या ज्यांचे पुरुष जहाजांवर गेले त्यांना गायबाना नमाजीची मुभा असलेला पंथ लाभला, हा योगायोग असेल; पण उपयोगी पडला खरा.

देह नाहीं, दिवस नाहीं, तेथें निदान नांव तरी असावें. पहिल्या महायुद्धांत मेसापोटेमियाच्या मोहिमेवर गेलेल्या सहाव्या म्हणजे पुणे डिव्हिजनमध्यें मराठ्यांच्या पलटणी होत्या. १०३ री आणि ११० वी कूत येथें वेढ्यांत सांपडल्या व २९ एप्रिल १९१६ रोजीं शरण गेल्या. ज्यांची कबर किंवा दहनभूमि ठाऊक नाहीं अशा ४०,५०० हून अधिक सैनिकांसाठीं बसऱ्याला स्मारक उभारलें. गोऱ्या शिपायांचीं नांवें त्यावर कोरलीं. हिंदी अंमलदारांचीं कोरलीं. साध्या हिंदी शिपायांच्या वांट्याला मात्र पलटणीचें नांव आणि पुढें एक आंकडा एवढेंच आलें. सातारा-कोल्हापूरकडच्या ज्या घरांतून ते गेले, तेथें त्यांचीं नांवें नातवांना ठेवून किंवा चिरा मांडून राखावीं लागलीं. राष्ट्रकुलाच्या युद्धस्मशान मंडळानें २०२१ सालीं या भेदाबद्दल क्षमा मागितली. तोंवर त्या शिपायांच्या बायकाच काय, मुलेंहि गेलीं होतीं.

२०२० सालच्या कोरोनाच्या साथींतली गोष्ट या सर्वांहून निराळी. येथें देह होता, निश्चय होता, मृत्यूची वेळ मिनिटापर्यंत कागदावर लिहिलेली होती. नव्हतीं तीं माणसें. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचे १५ मार्च २०२० चे नियम पुन्हां वाचले तर आश्चर्य वाटतें. पिशवीचें तोंड उघडून नातेवाइकांना शेवटचें दर्शन देण्यास त्यांत परवानगी होती. न शिवतां मंत्र म्हणण्यास, पवित्र जल शिंपडण्यास परवानगी होती. राखेपासून धोका नाहीं, अस्थि नेण्यास हरकत नाहीं, हेंहि स्पष्ट होतें. मनाई होती ती स्नान घालण्यास, कवटाळण्यास आणि गर्दीस. अंत्ययात्रेला वीस माणसांची मर्यादा मार्चमध्येंच घातली गेली. पण नियमापेक्षां भीति मोठी ठरली, आणि १ आणि २ करून मोजण्याच्या पलीकडे मृत्यु गेले तेव्हां नियमांतल्या सवलती वापरण्याइतकी सवडहि कोणाला राहिली नाहीं. वीस सोडाच, कित्येक घरांतून दोन माणसेंसुद्धां जाऊं शकलीं नाहींत, कारण बाकीचीं स्वतःच अंथरुणाला खिळलेलीं किंवा विलग ठेवलेलीं. अग्नि दिला तो पालिकेच्या सेवकांनीं. मुलानें तो मोबाईलच्या पडद्यावर पाहिला. स्मशानांच्या फळ्यांवर चिठ्ठ्या लाविलेले अस्थिकलश नाशिकच्या रामकुंडाची वाट पाहत आठवडेच्या आठवडे राहिले.

अस्थींचें पुढें केव्हांतरी झालें. पालाशविधीची गरज पडली नाहीं, तिथीचा घोळ नव्हता. तरीहि या घरांचें दुःख पानिपताच्या घरांसारखें लोंबकळत राहिलें, याचें कारण शास्त्रग्रंथांत सांपडत नाहीं. तें समाचाराच्या चालींत सांपडतें. आपल्याकडे मृत्यु झालेल्या घरीं माणसें समाचाराला येतात. येणारा मनुष्य फार कांहीं बोलत नाहीं. तो एकच विचारतो, ‘कसें झालें?’ आणि घरची बाई सांगूं लागते. पहिल्या दिवशीं तिला धड सांगतां येत नाहीं. दुसऱ्या दिवशीं ताप केव्हां आला, डॉक्टर काय म्हणाले, शेवटचें पाणी कोणी घातलें, हें क्रमानें येऊं लागतें. दहाव्या दिवसापर्यंत तिनें ती हकीकत तीस-चाळीस वेळां सांगितलेली असते, आणि सांगतां सांगतां घडलेली गोष्ट तिच्या स्वतःच्याहि कानांवर पडलेली असते. समाचाराला येणाऱ्या लोकांचा त्रासच फार, अशी तक्रार नेहमीं ऐकूं येते, आणि ती खोटी नाहीं. परंतु २०२० आणि २०२१ सालीं तो त्रास द्यावयाला कोणी आलें नाहीं. दूरध्वनि आले, पण दूरध्वनीवर मनुष्य धीर देतो, विचारीत नाहीं. शिवाय सांगावयाला हकीकतच अर्धी होती. रुग्णवाहिकेचें दार लागलें येथपर्यंतची.

प्रवास पूर्ववत् सुरू झाल्यावर कित्येक घरीं समाचाराला माणसें वर्षां-दीड वर्षानें आलीं. येणाराला संकोच वाटे. एवढ्या उशिरां जुनी जखम कशाला उकरावयाची, असें मनांत येई. तसबिरीवरचा हार बदलून चंदनाचा झालेला, मुलें शाळेंत गेलेलीं, घर वरवर पाहतां नेहमींसारखें चाललेलें. तो खुर्चीच्या कडेला बसे, पाण्याचा पेला हातांत तसाच धरी, आणि दुसरें कांहीं न सुचून तोच जुना प्रश्न विचारी. घरची बाई पदर सांवरून समोर बसे, आणि पहिल्या दिवशींच्या कणकणीपासून सांगावयाला लागे.